उलटे ओटे

जुईनगरच्या मालतीबाई कर्णिकांच्या ऑफिसात सहा कंप्युटर होते आणि त्यांतला सगळ्यात मोठा पडदा तेजस साबळेच्या टेबलावर होता. तो त्यानं मागून घेतला असं कुणालाही म्हणता आलं नसतं. रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ‘मॅडम, डोळे दुखतात’ असं तो चारदा म्हणाला आणि पाचव्यांदा म्हणायच्या आत पडदा आला, एवढंच.

इमारतीचे खांब किती जाड, तुळया किती खोल, पाया कसला आणि या सगळ्यात लोखंड किती, हे ठरवणारं ते ऑफिस. मालतीबाईंनी उमेदीची वर्षं हे हिशेब पेन्सिलीनं केले होते. तेजस ते सॉफ्टवेअरमध्ये करायचा. इमारत काढायची, वजनं टाकायची, बटण दाबायचं, की पडद्यावर लाल-पिवळे-निळे रंग पसरत आणि कुठे किती ताण येतो ते दिसे. त्याचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. ‘तुम्ही जन्मभर जेवढी पोती वाहिलीत ना आबा, तेवढं वजन मी एका बटणात खांबावर चढवतो,’ असं तो एकदा घरी म्हणाला होता. आबांनी जेवता जेवता मान वर न करता विचारलं होतं, ‘आनि उतरवायला कोन येतं?’

त्या वर्षी ऑफिसात हौसेराव मढवींचं काम आलं. पावणे गावाच्या कडेला, खाडीच्या अंगाला त्यांना सात मजली इमारत उठवायची होती. जागा खरं तर त्यांच्या बायकोची, वेणूबाईंच्या माहेराकडून आलेली. त्यामुळे प्रत्येक मीटिंगला वेणूबाई असत आणि कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्याच मांडीवर असे. मुलगा मिथुन साइट बघायचा. हौसेराव सगळ्यांची फिरकी घ्यायचे.

जमीन मऊ होती. तिथं प्रत्येक खांबाला वेगळा पाया देऊन भागणार नव्हतं. सगळ्या इमारतीखाली मिळून एकच काँक्रीटची मोठी थाळी टाकायची, म्हणजे राफ्ट, असं मालतीबाईंनी ठरवलं. खाली राफ्ट आणि त्याच्याच पाठीवर गाड्यांचं पार्किंग, अर्धं जमिनीत, अर्धं वर, कडेनं उघडं. राफ्टची जाडी सगळीकडे दोन फूट; पण लिफ्टच्या विहिरीखाली आणि पाण्याच्या टाकीच्या खांबांखाली वजन जास्त, म्हणून तिथं चार फूट. तेजसनं राफ्टचं मॉडेल चार दिवसांत केलं आणि पाचव्या दिवशी मढवी कुटुंबाला बोलावून घेतलं. खरं तर इतक्यात बोलवायची काही गरज नव्हती. पण रंग फार सुंदर आले होते.

वेणूबाई पडद्यासमोर बसल्या. तेजसनं राफ्ट माऊसनं अलगद गोल फिरवला, जसा सोनार बांगडी उजेडात फिरवतो.

“ह्यो आमचा पाया?” वेणूबाईंनी विचारलं.

“हो काकी. थ्रीडी.”

“आनि हे वर काय आयलंय? दोन दोन?”

त्या दाखवत होत्या ते चार फुटी जाडीचे दोन तुकडे. पडद्यावर ते सपाट राफ्टमधून फूटभर वर आलेले दिसत होते. त्याचं कारण साधं होतं. सॉफ्टवेअर कुठलीही थाळी तिच्या जाडीच्या मधोमध धरतं. दोन फुटी थाळी आणि चार फुटी थाळी एकाच मधल्या रेषेवर ठेवल्या, तर जाड थाळी एक फूट वर आणि एक फूट खाली डोकावणारच. प्रत्यक्षात वरचा भाग सपाट राहणार होता आणि सगळी जास्तीची जाडी खाली जाणार होती. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्यासाठी ‘चित्रात आहे तसं नाही हं काकी’ असं म्हणावं लागलं असतं, आणि चित्राची तारीफ होण्याआधीच ते म्हणणं तेजसच्या जिवावर आलं.

“ओटे हायेत का?” वेणूबाईंचा चेहरा उजळला.

“हो... म्हणजे तिथं जाडी जास्त आहे ना, त्यामुळे...”

‘हो’च्या पुढचं वेणूबाईंनी ऐकलं नाही.

“बगा!” त्या नवऱ्याकडे वळल्या. “मी कवापासून बोलते, बिल्डिंगीत बसाला जागा नस्ते. ह्या पोराला न सांगता समजलं.”

“पार्किंगात ओटे?” हौसेरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग मी गारी कुठून नेव?”

“गारी वलून जाईल. तुमी नाय वलत, गारी वलेल.”

मिथुन हसला. मालतीबाई तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत ओट्यांची वाटणीसुद्धा झाली. लिफ्टजवळचा ओटा बायकांना बसायला. टाकीकडचा पश्चिमेचा, दुपारनंतर ऊन येतं म्हणून पोह्यांचे पापड वाळवायला. आणि भाडेकरूंनी नाकं मुरडली नाहीत तर सुकटही. तेजस मान हलवत राहिला. सांगू, असं त्यानं ठरवलं. नंतर. नीट.

नंतर ड्रॉइंग काढायची वेळ आली. ऑफिसातली ड्रॉइंगं सुनयनाताई काढायच्या. इंजिनीअरिंगचं कॉलेज त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं, पण नवी मुंबईतल्या निदान दोनशे इमारतींचे पाये त्यांच्या हाताखालून गेले होते. तेजसचं मॉडेल बघून त्या थांबल्या.

“तेजस, वरचा भाग सपाट ना?”

“सपाटच ताई. जाडी सगळी खाली. नेहमीसारखं.”

“मग इथं गाड्या उड्या मारत का जातायत?”

“ते फक्त दिसायला. सॉफ्टवेअर मधली रेषा धरतं. हिशेबात काही फरक पडत नाही.”

सुनयनाताईंनी सपाट पृष्ठभाग काढला, खाली दोन खळगे काढले, आणि खळग्यांच्या कडांना पायरीऐवजी उतार दिला. उताराचं तेजसला विचारलं नाही, कारण तो उतार त्या गेली वीस वर्षं देत होत्या. मग माऊस सोडून म्हणाल्या, “आणि ते फक्त दिसायला आहे, हे मढवींना माहीत आहे का?”

“सांगणार आहे.”

“हं,” सुनयनाताई म्हणाल्या. त्यांचं ‘हं’ आखूड होतं, पण ऑफिसात सगळ्यांना कळायचं.

मालतीबाईंनी ड्रॉइंगवर सही केली. साइटवर खोदाई झाली, पातळ काँक्रीटचा थर पडला, कळंबोलीहून सळया आल्या. त्या गुरुवारी राफ्ट भरायचं ठरलं. तेजसनं सांगितलं नव्हतं. आठवडा कामाचा होता, मग एक शनिवार होता, मग सर्दी होती.

सोमवारी साडेअकराला मिथुनचा फोन आला.

“तेजस, फ्री आहेस? जरा लफडं झालंय.”

“काय झालं?”

“आई साइटवर आलीय. ओटे कुठेत विचारते. मी बोललो, आई हे बघ, लिफ्टचं इथं येणार. तर तिथं खड्डा. टाकीकडं गेली, तिथं पण खड्डा. आता बोलते, इंजिनेरनं ओटे उलटे केले.”

तेजसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मी येतो. दुपारी येतो. तोवर काकींना घरी...”

“घरी? खुर्ची मागवलीय तिनं.”

तेजसनं फोन ठेवला आणि विचार केला. रिकाम्या हातानं जाऊन ‘ते चित्र चुकीचं होतं’ म्हणण्यापेक्षा नवं, बरोबर चित्र घेऊन जावं. ‘काकी, मागचं कच्चं होतं, हे पक्कं.’ त्यात थोडी अब्रू राहते. त्यानं मॉडेल उघडलं, दोन्ही चार फुटी तुकडे धरले आणि एकेक फूट खाली सरकवले. वरचा भाग पाटासारखा सपाट झाला. हिशेब पुन्हा चालवला. रंग पुन्हा पसरले, तितकेच सुंदर. लिफ्टखाली राफ्ट किती दबेल? एकेचाळीस पूर्णांक सत्तावीस मिलिमीटर. आधी किती होतं? त्यानं जुना कागद काढला. एकेचाळीस पूर्णांक सत्तावीस.

“बघा ताई,” तो पाठीमागे वळून म्हणाला, “म्हटलं नव्हतं, हिशेबात काही फरक पडत नाही? दशांशाचासुद्धा नाही.”

“छान,” सुनयनाताई म्हणाल्या.

तेजस प्रिंट काढायला उठला. प्रिंटरपर्यंत गेला, आणि तिथं उभ्या उभ्या त्याला ती दशांशाची गोष्ट टोचायला लागली. थोडा तरी फरक पडायला हवा होता. खरं म्हणजे बराच पडायला हवा होता. त्यानं शेजारच्या थाळीला चिकटलेला तुकडा उचलून फूटभर खाली ठेवला होता. चिकटलेली वस्तू खाली ओढली, तर सांधा सुटतो. सांधा सुटला, तर वजनं वेगळ्या वाटेनं जातात, आकडे बदलतात. इथं काहीच बदललं नव्हतं.

तो हळूहळू परत येऊन बसला. जाड आणि पातळ भाग जिथं मिळतात, त्या रेषेवर तो चित्र मोठं करत गेला. आणखी मोठं. आणखी. रेषा एक होती, तिच्या दोन झाल्या. दोन रेषांमध्ये पाच मिलिमीटरची फट होती.

पातळ थाळीत चौकोनी भोक पाडून त्यानं जाड तुकडा आत बसवला होता. इमारतीच्या नकाशातून रेषा उचलताना भोक केसभर मोठं झालं होतं. तुकडा कुठंच चिकटला नव्हता. तो एका बाजूचं बेट होता आणि राफ्ट दुसऱ्या बाजूचा किनारा. एरवी असा सुटा तुकडा दिसला तर सॉफ्टवेअर आरडाओरडा करतं. पण इथं प्रत्येक तुकड्याखाली माती होती, मातीच्या जागी धरलेल्या स्प्रिंगा होत्या, आणि बेट त्यांच्यावर निवांत बसलं होतं. कुणाची काही तक्रार नव्हती.

चित्रात लिफ्टचं सगळं वजन ते बेट एकटं खाली नेत होतं आणि शेजारच्या दोन फुटी भागाला त्याची झळही लागत नव्हती. म्हणून त्या भागात लोखंड अगदी बेताचं दिलं होतं. प्रत्यक्षात काँक्रीट एकसंध भरलं जाणार. प्रत्यक्षात जाड भाग दबताना पातळ भागाला कडेला धरून वाकवणार. आणि नेमकं तिथं, त्या कडेला, बारा मिलिमीटरच्या सळया पडल्या होत्या.

त्यानं फट बुजवली. या वेळी घाई केली नाही. दोन्हीकडचे बिंदू एकमेकांवर आणले, सुनयनाताईंच्या ड्रॉइंगमधला उतार बघून मधे दोन पट्ट्या घातल्या, एक अडीच फुटी, एक सव्वातीन फुटी, सगळ्यांचा वरचा भाग एका पातळीत ठेवला आणि सांधे एकेक करून तपासले. मग बटण दाबलं. लिफ्टखालचं दबणं एकेचाळीसवरून सव्वीसवर आलं, ही चांगली बातमी होती. कडेनं मात्र एक लालभडक पट्टा उमटला. तिथं बाराच्या जागी वीसच्या सळया हव्या होत्या, खालून आणि वरूनही.

माणूस अशा वेळी काय करतो, ते तेजसनं केलं. सुनयनाताईंकडे जाऊन अगदी सहज आवाजात म्हणाला, “ताई, एक छोटं रिव्हिजन आहे. कडेनं जास्तीच्या सळया. कारणाच्या रकान्यात ‘किरकोळ बदल’ टाका.”

सुनयनाताईंनी सळया काढल्या. रकान्याशी येऊन थांबल्या.

“बाराच्या वीस. दोन्ही थरांत. चारी बाजूंनी.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “किरकोळ?”

तेजस टेबलावरच्या पेन्सिली सरळ करायला लागला.

“माझं शुद्धलेखन कच्चं आहे,” त्या म्हणाल्या. “आधी मॅडमना विचारून ये, किरकोळ ऱ्हस्व की दीर्घ.”

मालतीबाई डबा खात होत्या. भेंडीची भाजी होती. तेजसनं उभ्यानंच सगळं सांगितलं, फट, बेट, लाल पट्टा. ओट्यांचंही सांगितलं, कारण ते वगळून पुढं जाताच येत नव्हतं. मालतीबाई ओट्यांच्या भागाला हसतील असं त्याला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. डब्याला झाकण लावलं, हात धुऊन आल्या आणि कपाटातून कोरा कागद काढला.

“पट्टी दे.”

वीस मिनिटं त्या पेन्सिलीनं लिहीत होत्या. राफ्टची एक पट्टी सुटी धरली, तुळईसारखी. खांबांची वजनं वरून, माती खालून. तेजस शेजारी उभा राहून बघत होता. पंख्यानं कागद उडायला लागला, तेव्हा त्यांनी न बघता त्याच्यावर डबा ठेवला. शेवटी एका आकड्याखाली दोन रेघा मारल्या. तेजसच्या नव्या हिशेबाशी तो आकडा दहा टक्क्यांच्या आत जुळत होता. जुन्या हिशेबाच्या जवळपाससुद्धा नव्हता.

“हे मी सहीच्या आधी करायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “केलं नाही. का माहीत आहे?”

“का?”

“रंग फार सुंदर होते.”

तेजसला कुठं बघावं कळेना. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“मॅडम, चूक माझी...”

“चूक तुझी. सही माझी. त्याचा हिशेब आपण दोघं बसून करू, आज नाही. काँक्रीट कधी आहे?”

“गुरुवारी.”

“आता पुढच्या सोमवारी. मिथुनला फोन लाव, सळया बांधायचं थांबव म्हण. आणि चल.” त्यांनी पर्स उचलली. “मी येते बरोबर. पण बोलणार तू.”

साइटवर खरोखरच खुर्ची होती. खड्ड्याच्या काठावर, ताडपत्रीच्या सावलीत, वेणूबाई बसल्या होत्या आणि हौसेराव मागे हात बांधून येरझाऱ्या घालत होते. खाली लोखंडाची जाळी पसरली होती; सळया बांधणारे फिटर हुक बाजूला ठेवून चहा पीत होते. थांबायचा निरोप पोचलेला होता.

“आयला,” हौसेराव म्हणाले. “उलटे ओटेवाला आयला.”

तेजसनं बोलायला सुरुवात केली. आधी मान खाली होती, मग मिथुन म्हणाला, “जोरात बोल ना, मिक्सर चालूय बाजूला,” म्हणून त्याला आपली चूक ओरडून सांगावी लागली. जाड भाग आणि पातळ भाग कंप्युटरमध्ये एकमेकांना जोडलेच नव्हते. त्यामुळे कडेचं लोखंड कमी धरलं. आता भरलं असतं तर आज-उद्या काही झालं नसतं, पण पुढं कधीतरी कडेनं तडे गेले असते, खाडीचं पाणी आत शिरलं असतं. वेळेत सापडलंय. काही तोडायला लागणार नाही. चारी बाजूंनी वीसच्या सळया वाढवायच्या, चार दिवस जातील.

फिटरसुद्धा ऐकत होते. त्यांच्यातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “मैं बोला था ना, इधर पतला लगता है.” बोलला होता की नाही कुणास ठाऊक, पण तेजसनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

“कसा सापरलं?” हौसेरावांनी विचारलं.

“काय?”

“चूक. कसा सापरली?”

तेजसनं मालतीबाईंकडे पाहिलं. त्या खाडीकडे बघत होत्या. “काकींच्या ओट्यांमुळे,” तो म्हणाला. “ते ओटे खरे नव्हते. चित्रात तसे दिसत होते. मी चित्र दुरुस्त करायला बसलो, तेव्हा कळलं.”

हौसेरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बायकोकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. पोट धरून हसले, खोकले, पुन्हा हसले. “म्हंजे हिनं रुसून खुर्ची मागवली नस्ती, त बिल्डिंगीला तरे गेले अस्ते! मिथुन, तुजे आयशीला उद्यापासून रोज खुर्ची दे.”

वेणूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तेजसला जवळ बोलावलं.

“लोखंडाचं तू आता सांगितलंस. ठीक हाय. मानूस चुकतो. पन त्या दिवशी मी विचारलं, ओटे हायेत का. तू हो कनाला बोल्लास?”

तेजसकडे होतं ते उत्तर बावळट होतं, पण तेच त्यानं दिलं. “तुम्ही खूश झाला होतात काकी.”

“मना खूश कराला तुना पगार मिल्तो का?”

मालतीबाईंना इतका वेळ आवरलेलं हसू आता फुटलं. त्या तोंडावर रुमाल धरून दोन पावलं बाजूला गेल्या. तेजस लाल झाला, चित्रातल्या त्या पट्ट्यासारखा, आणि मग त्यालाही हसू आलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

“नाही काकी.”

“मग? मी माजे बहिनीला, नंदेला, सगल्यांना सांगून बसले, बसाला दोन ओटे हायेत. आता त्यांना काय खड्डे दाखवू?”

“मी येऊन सांगतो त्यांना.”

“सांगशील,” वेणूबाई म्हणाल्या. “नावं लिवून देते. सात घरं हायेत.”

आणि त्यांनी खरोखर पिशवीतून कागद काढून सात नावं मिथुनकडून लिहून घेतली. तेजसला वाटलं ही थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. बुधवारी संध्याकाळी मिथुनच्या मोटरसायकलवर मागे बसून तो पावण्यातली आणि कोपरखैरण्यातली मिळून सात घरं फिरला आणि सातही ठिकाणी, राफ्ट म्हणजे काय इथपासून सुरुवात करून, ओटे का नाहीत ते सांगितलं. चौथ्या घरापर्यंत त्याचं सांगणं सुटसुटीत झालं. पाचव्या घरी एका आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, “म्हंजे वर सपाट, खाली जाड. मंग आदी तसाच काढाचा होता ना.” सहाव्या घरी त्यानं ते स्वतःच आधी सांगून टाकलं. सातव्या घरी कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आणि त्या खाल्ल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

मधल्या चार दिवसांत तो रोज साइटवर गेला. सळया टेपनं मोजल्या, खळग्याच्या उतारावर उतरून कडेचा प्रत्येक वळलेला बार हातानं हलवून पाहिला. म्हाताऱ्या फिटरला विचारलं, “चाचा, इधर कैसा लगता है?” फिटर म्हणाला, “अभी ठीक लगता है,” आणि तेजसला कुठल्याही रंगापेक्षा ते बरं वाटलं. ड्रॉइंगवरच्या कारणाच्या रकान्यात सुनयनाताईंनी पूर्ण ओळ लिहिली होती, ‘जाडी बदलते तेथील सांध्याचा हिशेब दुरुस्त केल्यामुळे’, आणि खाली मालतीबाईंची नवी सही होती. त्या सहीमागे या वेळी पेन्सिलीचे नऊ कागद होते. पाच मालतीबाईंचे, चार तेजसचे.

सोमवारी सकाळी सातला काँक्रीटच्या गाड्यांची रांग लागली. आधी दोन्ही खळगे भरले, मग त्यांच्यावरून सगळा राफ्ट, मधे कुठेही न थांबता, आणि संध्याकाळी पाचला शेवटची गाडी धुऊन बाहेर पडली.

दोन दिवसांनी तेजस क्युरिंग बघायला गेला. ताज्या काँक्रीटवर पाणी साचून राहावं म्हणून वर मातीच्या छोट्या बांधांची आळी करतात. मिथुनच्या माणसांनी ती केली होती, पण बांध वाकडेतिकडे होते. पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात पळत होतं आणि मधला बराच भाग कोरडा पडला होता. हौसेराव काठावर उभे राहून ते बघत होते. बघता बघता त्यांना राहवेना. त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात उतरले.

“असा बांद घालतात काय रं? पानी वारा जातो तिकरं पलतं. बांद वाऱ्याला आरवा घाल.” त्यांनी एकाच्या हातातलं फावडं घेतलं. “मिठागरात माजे बापानं असा बांद बगला अस्ता, त मना त्याच बांदात गारला अस्ता.”

पंधरा वर्षांचे असल्यापासून पंचविशीपर्यंत हौसेराव मिठागरात होते, हे तेजसला त्या दिवशी कळलं. फावडं त्यांच्या हातात हलकं चालत होतं. ओली माती टाकायची, पावलानं दाबायची, तळव्यानं कड गुळगुळीत करायची. एकामागून एक चौकोन सरळ होत गेले आणि त्यांत पाणी चोहीकडे सारखं थांबलं. कामगार फावडी टेकून बघत राहिले. वेणूबाई गेटातून आत आल्या, नवऱ्याला पाण्यात बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तेजस काठावरून चौकोन मोजत होता. सहा बाय नऊ. कंप्युटरमधल्या जाळीची त्याला आठवण आली, पण ती त्यानं बोलून दाखवली नाही. मागच्या आठवड्यात तो पुरेसं बोलला होता.

“ओ इंजिनेर!” हौसेराव ओरडले. “नुसता उबा कनाला? त्यो कोपरा फुटलाय बग, पानी गेलं.”

“मी माणसाला सांगतो काका.”

“मानूस कशाला? तू कोन हाईस?”

तेजसनं बूट काढले, मोजे बुटात कोंबले आणि पाण्यात पाऊल टाकलं. वर पाणी उन्हानं कोमट झालं होतं आणि तळाला काँक्रीट अजून आतून गरम होतं. फुटलेल्या कोपऱ्यापाशी वाकून त्यानं ओंजळभर चिखल घेतला आणि बांधाला लावला. चिखल घसरून पाण्यात पडला.

“दाबून लाव,” काठावरून वेणूबाई म्हणाल्या. “दोनी बाजूंनी दाब. हां. आता तितंच हात ठेव.”